कलामहोत्सवात 'कसं वागायचं' याचे नियम लावावेत का? (पुणेरी पाटी नकोय, खरंच मदत हवीये)

वारज्याचा_ढोलकीवाला

नमस्कार मंडळी. आम्ही वारजे-कर्वेनगर साइडचे काही लोक मिळून दरवर्षी ३ दिवसांचा छोटा कलामहोत्सव करतो, एकांकिका, लावणी, कथक, लहान मुलांची चित्रकला, सगळं फुकट आणि सगळे व्हॉलंटियर. मांडव मैदानात आणि ग्रीनरूम म्हणजे शेजारच्या शाळेचे वर्ग. यंदा ४० जण कामाला आहेत, त्यातली निम्मी कॉलेजची पोरं.

गेल्या वर्षी साउंडवाल्याने एका मुलीला माइक लावताना न विचारता कॉस्च्युमच्या आत हात घातला. ती तेव्हा काही बोलली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी प्रयोगाला आलीच नाही आणि आम्ही आपले 'आजकालच्या पोरांना कमिटमेंट नाही' वगैरे बडबडत बदली कलाकार शोधत बसलो. खरं काय झालं ते ३ महिन्यांनी कळलं, तेही तिच्या मैत्रिणीकडून. त्याच वर्षी एका आईने ग्रीनरूममधे आपल्या लेकीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि मागे दुसऱ्या मुली कपडे बदलत होत्या.

म्हणून यंदा नियम लिहायचे म्हटलं तर मीटिंगमधे आमचे एक ज्येष्ठ म्हणाले, अहो घरचा कार्यक्रम आहे, असलं काही लावलंत तर लोकांना वाटेल इथे काहीतरी झालंय. मी म्हटलं काका झालंय की! त्यावर सगळे गप्प, मग चहा आला आणि विषय पार्किंगवर गेला.

तर कुणी असं काही केलंय का? काय लिहायचं, आणि लिहून उपयोग होतो का?

विंगेतली_मावशी

लिहा नंतर, आधी ग्रीनरूमच्या दाराला आतून कडी आहे का ते बघून या. शाळेच्या वर्गांना बहुतेक वेळा बाहेरूनच कडी असते आणि खिडक्या उघड्या, मी किती ठिकाणी बेडशीट आणि सेफ्टीपिना घेऊन फिरलेय. बदलायची खोली वेगळी, तिथे फोन बाहेर टोपलीत. आयांचे सुद्धा. आया सगळ्यात जास्त भांडतात, तयारी ठेवा.

माइकचं सोपं आहे. वायर आतून ज्याची त्याने घ्यायची, क्लिप पण स्वतः लावायची, साउंडवाल्याने बाहेरून खोका आणि टेप द्यायची. जमत नसेल तर विंगेत एक मुलगी त्यासाठीच उभी ठेवा. आता नऊवारी नेसवायची म्हणजे हात लागणारच ना, माझं आयुष्य गेलं त्यात, पण 'आता कमरेला खोचते हं' असं म्हणून खोचलं की समोरची ताठ उभी राहत नाही. एवढं एक वाक्य बोलायला वेळ जात नाही हो.

आणि रात्री उशिरापर्यंत तालीम असेल तर कोण कुणाबरोबर घरी जाणार ते तालीम सुरू व्हायच्या आधी ठरवा. ११ वाजता 'मी सोडतो ना तुला' म्हणणारा नेहमी एकच इसम असतो, प्रत्येक ग्रुपात असतो, तुमच्यातही असेल.

फक्त_प्रेक्षक

म्हणजे आता टाळी वाजवायला पण परवानगी काढायची का? आम्ही भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या वेळी 'आव्वाज कुणाचा' करत घसे फोडलेत, लावणीला शिट्टी नाही मारायची तर काय जपमाळ ओढायची? सगळंच सेफ करत बसलात तर महोत्सव राहणार नाही, पालक सभा होईल. राग मानू नका, जे वाटतं ते बोललो.

विंगेतली_मावशी

मारा की शिट्टी! शिट्टी नाही आली तर लावणीवाली आत येऊन विचारते आज मेलेत का सगळे. पण खालून कॅमेरा लावून घोट्यापासून वर शूटिंग करणारा, आणि नाच झाल्यावर 'सेल्फी' म्हणत कमरेत हात घालणारा, तो प्रेक्षक नाही. तुमच्या पुरुषोत्तमला पण पडदा उघडला की तोच हॉल गप्प होतो ना? मग नियम तुम्हाला माहितीच आहे, फक्त कुणी लिहून दिलेला नाही.

बीडवाली

मी जरा वेगळं बोलते. पुण्यात आले तेव्हा एका ग्रुपमधे एकांकिका केली, पहिल्याच वाचनाला मी 'पानी' म्हणाले आणि आख्खी खोली हसली. पुढचे तीन आठवडे माझं नावच 'ए पानी'. गंमत म्हणजे नाटक मराठवाड्यातल्या दुष्काळावर होतं, आणि माझ्या आईच्या वयाच्या बाईचा रोल करणाऱ्या मुलीला मराठवाडी कशी बोलायची ते कोथरूडचा एक जण शिकवत होता, मला कुणी विचारलं पण नाही.

मला कुणी हात नाही लावला. पण तिथं सेफ वाटलं का म्हणाल तर नाही. आणि ते 'पूर्ण नाव काय?' आडनाव सांगितलं की गाव, गाव सांगितलं की 'म्हणजे तुम्ही…' आणि मग टिंब टिंब. समोरचा नुसता चौकशी करत असतो आणि आपल्याला कळतं की आता चहा कुठल्या टेबलावर मिळणार. तुमच्या नियमात हे घाला. व्हॉलंटियरच्या बॅजवर फक्त पहिलं नाव छापा, बघा किती फरक पडतो.

कायद्याचं_बोलू

बीडवालींचा बॅजचा मुद्दा भारी, तो घ्याच.

आता माझं रटाळ. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा जो २०१३ चा कायदा आहे त्यात 'कर्मचारी' या शब्दात बिनपगारी आणि स्वेच्छेने काम करणारे पण येतात, त्यामुळे 'आम्ही काय कंपनी आहोत का' हे उत्तर तुमच्याकडच्या ४० जणांना पाहता चालेलच असं नाही. १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती लागते, अध्यक्ष बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि एक मेंबर बाहेरचा. त्याहून लहान संस्था असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तुमची रजिस्टर्ड संस्था आहे का, कशी आहे, ते वकिलाला दाखवून घ्या.

तक्रारीची मुदत घटनेपासून ३ महिने, योग्य कारण असेल तर आणखी ३ वाढवता येते. तुम्हाला कळलं तेच ३ महिन्यांनी, बघा. चौकशीला कायदा ९० दिवस देतो आणि तुमचा महोत्सव ३ दिवसांचा, म्हणून त्या ३ दिवसांत काय करायचं हे तुम्हालाच ठरवावं लागेल: कुणाला सांगायचं, त्या माणसाला लगेच मैदानाबाहेर कोण काढणार, आणि ऐकणारा गावभर बोंब मारणार नाही याची खात्री.

१८ च्या खालचं मूल असेल, मुलगा असो मुलगी असो, तर 'आपसात मिटवू' हा पर्यायच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. चित्रकलेच्या तंबूतल्या प्रत्येकाला १०९८ (मुलांची हेल्पलाइन) आणि ११२ (पोलिस, इमर्जन्सी) पाठ हवेत.

फक्त_प्रेक्षक

बरं बाबा, मी जरा वाह्यात बोललो. पाटी मी लिहून देतो, पुण्यात पाटीशिवाय माणूस वाचत नाही:

'शिट्टी वाजवा. हात खिशात ठेवा. फोटो विचारून काढा. आडनाव विचारू नका, आम्हीही विचारलेलं नाही. काही खटकलं तर पिवळ्या ओढणीवाल्या ताईला सांगा, ती अजिबात विनोदी नाही.'

वारज्याचा_ढोलकीवाला

हाहा, ओढणीचं फायनल. पाटी उद्याच रंगवायला टाकतो, बॅज पण बदलले. कडी खरंच नव्हती हो मावशी, आज सुताराला सांगून आलो.

आता अडलंय ते साउंडवाल्यापाशी. काका म्हणतायत आपलाच माणूस आहे, स्वस्तात करतो, त्याला समज देऊ आणि पुढे जाऊ.

विंगेतली_मावशी

त्या मुलीला विचारलंत का?

वारज्याचा_ढोलकीवाला

नाही. डायरेक्ट विचारायची हिंमत नाही झाली, तिच्या मैत्रिणीला काल रात्री मेसेज केलाय की तिला सांग तो यंदा नसेल, यायचं की नाही ते तिचं तिने ठरवावं, काही उत्तर दिलं नाही तरी चालेल. अजून रिप्लाय नाही. म्हणजे आता तो नसणार हे मी बोलून बसलोय, काकांना सांगायचं बाकी आहे. दुसऱ्याचं कोटेशन ४ हजारांनी जास्त आलंय, कुणाच्या ओळखीत ३ दिवस येऊ शकेल असा साउंडवाला असेल तर प्लीज सांगा, बाई असेल तर फारच उत्तम.