‘दोनशे सीसीवाल्यांनी ॲडव्हेंचर हा शब्द वापरू नये’ म्हणे!

घाटवळण

परवा याच फोरमवर एका पोराने साधा प्रश्न विचारला होता. राहतो मुंबईत, उंची पाच फूट पाच, बजेट साडेतीन लाखांपर्यंत, वर्षातून एकदा स्पिती किंवा लडाख आणि एरवी सह्याद्री. कोणती बाईक घेऊ? त्यावर इथले सदस्य ‘लांबपल्ला’ यांनी निकाल दिला तो असा: रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० नाहीतर केटीएम ३९० ॲडव्हेंचर, बाकी सगळी खेळणी. चाळीसच्या खाली पीएस (इंजिनाची ताकद, हॉर्सपॉवरच म्हणा) असेल तर सरळ स्कूटर घ्या, आणि हिरोच्या दोनशे सीसीच्या एक्सपल्सवाल्यांनी स्वतःला ॲडव्हेंचर रायडर म्हणवून घेऊ नये.

तिथे प्रतिसाद लिहायला घेतला तो लांबत गेला, म्हणून वेगळा धागा.

साहेब, हिमालयन ४५० चं वजन १९६ किलो. तेही नुसतं. त्यावर क्रॅशगार्ड, सॅडलबॅग, पाण्याचा कॅन, तंबू चढवा, सव्वादोनशेच्या घरात जाते. ३९० ॲडव्हेंचर १८३ ची. एक्सपल्स २१० आहे १६८ किलोची आणि जुनी दोनशेची त्याहूनही हलकी. आता मढे घाटाच्या बाजूची एखादी ओली, शेवाळलेली उतरंड डोळ्यासमोर आणा. गाडी उताराच्या दिशेने आडवी झालीये, चाकं वर, हँडल खाली. सोबत कोणी नाही. तिथे चाळीस पीएसचं काय लोणचं घालायचं? तिथे फक्त एकच आकडा कामाचा, तो म्हणजे तुम्ही एकट्याने किती किलो उचलू शकता.

पीएस मोजतात ते सपाटीवर. स्पितीच्या वाटेवर कुंझुम खिंडीत साडेचार हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम सत्तावन टक्के राहतो. म्हणजे तुमचे चाळीस तिथे चाळीस नसतात. वजन मात्र ग्रॅमभरही कमी होत नाही.

चालवायला कोणती मजा येते हा प्रश्नच नाही. पडल्यावर काय, हा आहे. आणि ऑफ-रोडवर पडायचं असतंच.

लांबपल्ला

आले वजनकाटेवाले.

तुमचाच आकडा घेतो. सत्तावन टक्के ना? मग एक्सपल्स २०० च्या एकोणीस पीएसचे तिथे उरले अकराच्या आसपास. त्यावर तुम्ही, तुमचा तंबू, तुमची स्लीपिंग बॅग आणि तुमचा हा आत्मविश्वास. चाळीसचे तेवीस उरतात, तेवढ्यात गाडी चढते. अकरात पहिल्या गिअरवर क्लच जाळत चढायचं. हा मुद्दा तुम्ही स्वतःच्याच पायावर मारून घेतला आहे, धन्यवाद.

दुसरं. मुंबईहून मनाली दोन हजार किलोमीटरच्या आसपास. त्यातलं ऑफ-रोड किती? शून्य. सगळा हायवे. तिथे ट्रक ऐंशीने चाललेला असतो आणि मागून कोणीतरी स्कॉर्पिओवाला डोक्यावर लाइट मारत असतो. दोनशेच्या गाडीवर तुम्ही त्र्याण्णव-पंचाण्णववर इंजिनाची किंकाळी ऐकत बसणार आणि ओव्हरटेकला हातात काही शिल्लक नसणार. माणसं उतरंडीवर पडून मरत नाहीत, ओव्हरटेक अर्धवट राहिला की मरतात. मोठी मोटर ही चैन नाही, सुरक्षितता आहे.

आणि २१ इंची चाक, दोनशे मिमी सस्पेन्शन म्हणजे काय ते एकदा अनुभवा. कोकणातल्या सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, कधी फुटरेस्टवर उभं राहून गाडी पळवली आहे का? नजर जाईल तिथवर मोकळं रान, ना खांब ना माणूस. तिथे कळतं चाळीस पीएस कशाला हवेत ते.

एमएच_तेरा

आम्ही सोलापूरकडचे. ‘ऑफ-रोड’ हा शब्द आमच्या गावात कोणी वापरत नाही, त्याला ‘रस्ता’ म्हणतात.

एक गोष्ट दोघांनीही सोडली. काळी माती. पाऊस पडून गेल्यावर शेताच्या वाटेला लागा. टायर आणि मडगार्डच्या मधे चिखल असा बसतो की चाक फिरायचं थांबतं. काडीने उकरायचं, वीस फूट जायचं, पुन्हा उकरायचं. मडगार्ड चाकाला चिकटून असेल तर तुमचे चाळीस पीएस न् माझे एकोणीस, दोघं बांधावर शेजारी शेजारी बसून बिडी ओढणार. चोचीसारखं वरचं मडगार्ड असलेली गाडी घ्या एवढंच म्हणतो. सीसीचं नंतर बघू.

बाकी आमच्या दूधवाल्याकडे बॉक्सर आहे. दोन बाजूला चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. चालू द्या तुमचं.

करग्रस्त

मूळ प्रश्न कोणी वाचलाच नाही. बजेट साडेतीन लाख! २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाईकवर जीएसटी २८ चा १८ झाला आणि ३५० च्या वरच्यांना सरळ ४० टक्के. आधी उपकर धरून ३१ होता. म्हणजे ३४९ सीसीवाला सामान्य माणूस आणि ३९९ सीसीवाला गर्भश्रीमंत! ही रेघ कोणी मारली, कशाच्या जोरावर मारली? मग टीव्हीएसची अपाचे आरटीएक्स बघा, २९९ सीसीची, म्हणजे १८ टक्क्यांत बसते. ३६ पीएस आहेत, पुढे १९ मागे १७ चं चाक, वजन १८०. लांबपल्लांच्या चाळीसला चार कमी पडतात म्हणून ती स्कूटर का?

लांबपल्ला

करग्रस्त, आरटीएक्स चांगली गाडी आहे, पण अलॉय चाकं आणि जमिनीपासून दोनशे मिमीचाच क्लिअरन्स. हायवे आणि खराब रस्ता यासाठी उत्तम. त्यापुढे नाही. सुझुकीच्या व्ही-स्ट्रॉम एसएक्सचंही तेच, वर तिचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंदच करता येत नाही. खडीच्या उतारावर मागचं चाक लॉक करता आलं नाही तर गाडी नुसती घरंगळत जाते. तुमच्या ४० टक्क्यांबद्दल सहमत. त्याने बाईक हलकी होत नाही पण खिसा नक्की होतो.

कातळसडा

लांबपल्ला, तुमचं ते ‘मोकळं रान’ वाचून हात शिवशिवले म्हणून लॉगिन केलं. एरवी वाचनमात्र असतो.

मी रत्नागिरीकडचा. सडा मोकळा नसतो. तुम्हाला तो मार्च-एप्रिलमध्ये काळा, रखरखीत दिसतो. जांभ्याच्या खळग्यांत बोटभर माती असते, ती साठायला किती पावसाळे लागले असतील याचा विचार करा. श्रावण-भाद्रपदात त्याच मातीतून सीतेची आसवं, गेंद, तेरडा वर येतो. गुरं तिथे चरतात. टिटवी तिथेच उघड्यावर अंडी घालते, तुम्हाला फुटरेस्टवरून ती खड्यासारखी दिसणार. एकदा टायरने माती खरवडली की पुढच्या पावसात ती वाहून जाते आणि उरतो नागडा कातळ.

आणि कातळशिल्पं? कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब नि १३ मीटर रुंद आहे. एवढा मोठा असूनही जवळ गेल्याशिवाय कळत नाही, कारण रेघा बोटभर खोल. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. अजून सापडतायत, म्हणजे न सापडलेली किती आहेत कोणाला ठाऊक. त्यांच्यावरून तुम्ही ‘दोनशे मिमी सस्पेन्शन’ अनुभवत जाता. आमच्या वाडीच्या वरच्या सड्यावर टायर गोल फिरवून काढलेले वेटोळे आजही दिसतात. अभिमानाने व्हिडिओ काढून गेले होते.

घाटवळण

+१. आणि हे फक्त सड्यांचं नाही. कास २०१२ मध्ये जागतिक वारसा झालं म्हणून तिथे तिकीट, बंधनं सगळं आलं. शेजारच्या बिननावाच्या पठारांवर काय चाललंय ते दर रविवारी बघतो.

लांबपल्ला

वा! बाईकच्या धाग्यावर मला आता पर्यावरणाचा गुन्हेगार ठरवलंत.

कातळसडा, तुमच्याच भागात चिरेखाणी किती आहेत हो? अख्खे सडे आयताकृती कापून नेले. पोकलेन लावून कातळ फोडून आंब्याची कलमं लावली, त्याच्याखाली किती हत्ती गेले? तेव्हा कोणी लॉगिन केलं होतं? ते सगळं ‘स्थानिक रोजगार’ आणि माझ्या टायरचे दोन ओरखडे म्हणजे संस्कृतीवर घाला! पुण्या-मुंबईचा माणूस दिसला की बोट दाखवायला सोपं असतं, शेजाऱ्याला बोललं तर दुसऱ्या दिवशी चहा बंद होतो.

कातळसडा

चहा बंद झालाय साहेब. खाणीविरुद्ध ग्रामसभेत उभा राहिलो होतो तेव्हापासून वाडीतली काही घरं बोलत नाहीत. त्यामुळे हे मला सांगू नका.

खाण वाईट म्हणून ओरखडा चांगला होत नाही. उक्षीला गावाने स्वतःहून शिल्पाला चिऱ्याचा गडगा घातला. त्याच चिऱ्याचा! गावाला कळतं. तुम्हाला कळायला काय हवंय, पाटी?

लांबपल्ला

पाटी हवीच. निदान कुठे जायचं नाही ते तरी कळेल. आम्हाला स्वप्न पडत नाही कुठे हत्ती आहे म्हणून.

ठीक आहे. यापुढे सड्यावर गाडी बैलगाडीच्या मळलेल्या वाटेवरूनच नेईन. झालं समाधान? पण मग सगळ्यांनी तेच करा. इथले अर्धे सदस्य पठारांवरचे फोटो टाकतात, त्यात सध्याचे धागाकर्तेही येतात. प्रोफाइलला लावलेला तो सूर्यास्त काय डांबरावर काढलाय?

घाटवळण

तो फोटो वाटेवरचा आहे. वाट फ्रेममध्ये आलेली नाही.

एमएच_तेरा

😄 पॉपकॉर्न संपले, भडंग आणतो.

रानजाई

अवांतर संपलं असेल तर त्या पोराच्या उंचीबद्दल कोणी बोलेल का? मी पाच फूट एक. एका शोरूममध्ये टेस्ट राइड मागितली तर विक्रेत्याने नवऱ्याला विचारलं, “सर, गाडी कोण चालवणार?” सर बिचारे स्कूटर चालवतात.

एक्सपल्स २१० आणि ३९० ॲडव्हेंचर दोन्हीची सीट ८३० मिमी, हिमालयन ८२५ पासून, व्ही-स्ट्रॉम एसएक्स ८३५. कागदावर दहा मिमीचा फरक, प्रत्यक्षात सीट रुंद आहे की चिंचोळी यावर सगळं ठरतं. एक्सपल्सची कंबर बारीक, पाय सरळ खाली जातो. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि तीच उंची वीस मिमी जास्त वाटते. दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत हा हट्ट सोडला तर बरंच काही जमतं. सिग्नलला मी एका कुल्ल्यावर घसरून एक पाय पूर्ण टेकवते. पण उतारावर, सामानासकट, गाडी नको त्या बाजूला कलली की वीस अंशांनंतर ती थांबवणं माझ्या हातात राहत नाही. तिथे वजन बोलतं. त्यामुळे घाटवळण यांच्याशी सहमत, फक्त ते ‘उचलणे’ म्हणतात त्याच्या आधीची पायरी जास्त महत्त्वाची आहे. पडू न देणे.

आणि सीट कापून बारीक करून घ्या. कुशनवाला हजार-दीड हजारात करतो. शोरूममधला करत नाही.

लांबपल्ला

रानजाई, हा पहिला प्रतिसाद ज्यात कोणी खरंच गाडीवर बसलेलं दिसतंय. उंचीबद्दल मान्य. कमी उंचीच्या आणि एकट्याने जाणाऱ्या माणसाने हलकी घ्यावी. पाच फूट अकराच्या माणसाने लडाखला जाताना घाटवळण यांचं ऐकू नये, एवढी दुरुस्ती माझ्या बाजूने नोंदवून घ्या.

घाटवळण

नोंदवली. ‘खेळणी’ हा शब्द मागे घेतलात असंही सोबत नोंदवू का?

लांबपल्ला

नाही.

दहाअकराचा पाना

गॅरेज बंद करून आलो, आता लिहितो. तुमचं पीएस-किलो चालू द्या, माझ्याकडे गाड्या येतात त्या तीन कारणांनी. पंक्चर, वाकलेला रिम, तुटलेला लिव्हर.

पुढच्या २१ आणि १९ इंची चाकाची ट्यूब गावातल्या पंक्चरवाल्याकडे सहसा मिळत नाही. मागचं १७ किंवा १८ चं चाक असतं, त्याची मिळते. ट्यूबवाली गाडी असेल तर पुढची ट्यूब सोबत ठेवायचीच, आणि टायर उतरवायला स्वतः शिकायचं. घरी अंगणात एकदा करून बघा, घाम फुटतो. स्पोक आणि ट्यूबलेस असं दोन्ही मिळत असेल, हिमालयन ४५० ला मिळतं, तर चार पैसे जास्त टाका. अलॉय खड्ड्यात तडकलं की बदलायचं. स्पोकचं चाक वाकलं तर मी सरळ करून देतो, पुढच्या गावापर्यंत तरी जाता.

लिव्हर तर सगळ्यांचेच तुटतात. क्लचचा आणि ब्रेकचा जादा लिव्हर टूलकिटमध्ये टाका. त्याला जीएसटी कितीही असू दे.

नवखा_रायडर

प्रश्न विचारणारा मीच. सगळ्यांचे आभार, दोन दिवस वाचतोय. काल सेकंडहँड हिमालयन ४११ बघून आलो. सीट ८००, दोन्ही पाय बऱ्यापैकी टेकतात, किंमत दीड लाखाच्या आत आणि नव्या गाडीवरचे ४० टक्के भरायला नकोत. उरलेल्या पैशांत बूट, जॅकेट आणि स्पितीचा खर्च निघतो. टोकन देऊन टाकू का?

घाटवळण

अरे! १९९ किलो! मी वर काय लिहिलं ते वाचलंस का?

लांबपल्ला

आणि चोवीस पीएस. दोघांचंही ऐकलं नाहीस. अभिनंदन. हायवेला डावीकडून चाल.

दहाअकराचा पाना

टोकन द्यायच्या आधी गाडी मेन स्टँडला लाव, कोणाला तरी मागे दाबून पुढचं चाक हवेत घ्यायला सांग आणि हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे फिरव. बरोबर मधे खटका लागला तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. तेवढे पैसे पाडून माग.