लढणाऱ्या मुलांचे फोटो फ्लेक्सवर लावावेत का?

खडूफळा (धागाकर्ती)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मराठवाड्यात, ऊसतोडीच्या पट्ट्यात. गावाचं नाव सांगणार नाही, नाहीतर पुढचं सगळं लिहिण्यात अर्थच उरत नाही.

दसरा उलटला की आमच्या वर्गातली बाकं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि उचल मिळते कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. म्हणून तोडीला निघण्याआधी लग्न उरकायची घाई. शिवाय आईबाप पाच-सहा महिने फडात असताना वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीती असतेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. माझा हजेरीपट बघितला तर हा आकडा कमीच वाटतो.

गेल्या हंगामाआधी आमच्या नववीतल्या एका मुलीने १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या क्रमांकाला, फोन करून वर्गमैत्रिणीचं लग्न थांबवलं. हळद लागली होती. चार दिवसांत तालुक्याच्या चौकात फ्लेक्स झळकला. वर ‘रणरागिणी’, खाली त्या मुलीचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो, नाव, गाव, शाळा, इयत्ता, आणि भोवती अकरा पुढारी (मोजलेत). सत्काराला मीही गेले होते, टाळ्याही वाजवल्या. हे आधीच कबूल करते.

पंधरा दिवसांत तिच्या वडिलांची किराणा दुकानातली उधारी बंद झाली. मुकादमाने उचल नाकारली. म्हणाला, आज मैत्रिणीसाठी फोन केला, उद्या माझ्यावर करील. मुलगी आता मामाच्या गावी आहे. शाळा सोडल्याचा दाखला नेलेला नाही, म्हणजे तिथे ती कुठल्याच शाळेत जात नसणार.

जिचं लग्न थांबलं तिचं नाव मात्र कुठेही आलं नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार तिची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फोन करणारीला हे कवच कुणी दिलंच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. अठरा पूर्ण होईपर्यंत नाव नाही, फोटो नाही, जाहीर सत्कार नाही. मलालाचंच बघा. २००९ साली ती बीबीसी उर्दूसाठी रोजनिशी लिहायची ती ‘गुल मकई’ या टोपणनावाने. मग नाव उघड झालं, २०११ मध्ये मान-सन्मान सुरू झाले, आणि ९ ऑक्टोबर २०१२ ला शाळेच्या गाडीत चढलेल्या बंदूकधाऱ्याने विचारलं, मलाला कोण? इक्बाल मसीह तर त्याहून लहान. पाकिस्तानातल्या गालिच्याच्या मागावरून सुटून बालमजुरीविरुद्ध बोलायला लागला, १९९४ च्या अखेरीस अमेरिकेत जाऊन पुरस्कार घेऊन आला, एप्रिल १९९५ मध्ये त्याला गोळी घातली.

बोला.

सातपुड्याचा

बाई, तळमळ पोचली, पण निष्कर्ष पटला नाही.

मी नंदुरबारचा. ९ सप्टेंबर १९४२ ला हातात झेंडा घेतलेला आमचा शिरीषकुमार पोलिसांच्या गोळीने पडला तेव्हा सोळाही पूर्ण नव्हता. त्याच्यासोबत आणखी चौघे गेले. त्यांची नावं चौकात कोरली म्हणून आमच्या तीन पिढ्यांना ती पाठ आहेत. तुमच्या नियमाने स्मारकावर काय लिहायचं, ‘पाच अज्ञात अल्पवयीन’?

आणखी मागे चला. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली चौदा वर्षांची मांगाची मुलगी. वेद फक्त ब्राह्मणांचेच असतील तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही, मग आमचा धर्म कोणता, हा प्रश्न तिने त्या काळच्या पुण्यात बसून विचारला. नाव झाकलं असतं तर आज आपण ‘फुल्यांच्या शाळेतली एक विद्यार्थिनी’ म्हणत बसलो असतो आणि सगळं श्रेय फुल्यांच्या खात्यात गेलं असतं. तुम्ही ज्याला संरक्षण म्हणताय त्यात मुलांचं कर्तृत्व मोठ्यांच्या नावावर जमा होतं.

खडूफळा

@सातपुड्याचा, शिरीषकुमारचं नाव तो गेल्यावर कोरलं. माझी विद्यार्थिनी जिवंत आहे आणि तिला दहावीची परीक्षा द्यायची आहे.

मुक्ताचा मुद्दा मात्र बोचला. विचार करते.

रोखठोक_७२

मला हा सगळा प्रकारच मान्य नाही. पोरांनी हक्कबिक्क शिकवायच्या आधी अभ्यास करावा. यातली निम्मी मुलं कुणीतरी पढवलेली असतात. दिल्लीच्या प्रदूषणाबद्दल २०१५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, याचिकाकर्ते तीन तान्ही बाळं! सहा महिन्यांचं पोर कोर्टात जातं का? बाप वकील, नाव पोराचं. आणि ती स्वीडनची ग्रेटा हवामानासाठी शाळा बुडवून संसदेबाहेर बसली, तर जगभर कौतुक. आमच्या काळी शाळा बुडवली की छडी होती.

काळाकोट

@रोखठोक, अल्पवयीन मूल पालकामार्फतच कोर्टात जातं, तशी कायद्यातच तरतूद आहे. ती युक्ती नव्हे. त्याच ‘अर्जुन गोपाल’ खटल्यात २०१८ साली दिवाळीच्या फटाक्यांना रात्री आठ ते दहाची वेळ ठरली. बाळांना फुप्फुसं असतात एवढं मान्य असेल तर त्यांना बाजूही आहे.

आता धागाकर्तीला. कलम ७४ तुम्ही नीट सांगितलंत, पण ते फक्त पीडित मुलापुरतं नाही. त्यात गुन्ह्याचं साक्षीदार असलेलं मूलही येतं. बालविवाह ठरवणं आणि लावणं हा २००६ च्या कायद्याने दखलपात्र गुन्हा आहे. त्याची माहिती देणारी मुलगी साक्षीदार आहे, असं मी तरी कोर्टात मांडेन. मान्य होईलच याची हमी देत नाही, पण फ्लेक्सवाल्याला नोटीस पाठवण्यापुरता आधार नक्की आहे.

तुमच्या सरसकट बंदीला मात्र विरोध. भारताने १९९२ मध्ये बालहक्क संहिता स्वीकारली. तिचं १२ वं कलम म्हणतं, मुलाशी संबंधित बाबीत त्याचं मत ऐका आणि वय-समज बघून त्याला वजन द्या. १३ वं अभिव्यक्तीचं, १५ वं संघटनेचं आणि शांततेने जमण्याचं. ‘अठरापर्यंत नाव नाही’ हा नियम या तिन्हींच्या आड येतो. मुलाला नाव लावायचं असेल तर अडवणारे तुम्ही कोण?

पवनचक्की

मुक्काम नेदरलँड्स. इथली एक संस्था २००५ पासून दरवर्षी मुलांसाठी शांतता पुरस्कार देते. २०११ मध्ये त्याच्या नामांकनात मलाला होती, २०१३ मध्ये तिला तो मिळाला. मधे काय घडलं ते वर आलंच आहे. नामांकनामुळे गोळी लागली असं मी म्हणत नाही. स्वातमधलं तालिबान पुरस्कारांच्या याद्या वाचत बसलं नव्हतं, आणि तिचे वडील शाळा चालवायचे, तिथूनच ते घर नजरेत होतं.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने अख्खा एक दिवस याच विषयाला दिला होता: मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या मुलांचं संरक्षण आणि सक्षमीकरण. पुढच्याच वर्षी १६ मुलांनी याच समितीकडे पाच देशांविरुद्ध हवामान बदलाची तक्रार केली. त्यात आपली उत्तराखंडची रिधिमा पांडेही होती. तिने त्याआधी २०१७ मध्ये, नऊ वर्षांची असताना, हरित लवादात अर्ज केला होता. समितीने २०२१ मध्ये निकाल दिला की आधी आपापल्या देशातल्या कोर्टांत जा. कायद्याने बरोबर असेल, पण ज्यांच्यासाठी दिवस साजरा केला त्यांनाच दारातून परत पाठवलं, हे काही मनातून जात नाही.

रोखठोक_७२

नऊ वर्षांची मुलगी लवादात! पुन्हा तेच. घरून पढवलेलं.

सातपुड्याचा

तुमच्या घरी पोरांना पसायदान कुणी शिकवलं हो? तेही पढवलेलंच की. मोठ्यांकडूनच मूल शिकतं. शिकलेलं त्याला पटलंय का, एवढंच बघायचं.

लिंबूटिंबू

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

ग्रामसेवक_नव्हे_अधिकारी

सरकारने पदाचं नाव बदललंय, पण गावाला आम्ही अजून ग्रामसेवकच. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून गावात जबाबदारी माझी, मदतीला अंगणवाडी सेविका.

फोटोचा वाद तुम्ही घाला. माझ्या अनुभवात मुलीचं नाव फ्लेक्सच्या कितीतरी आधी फुटतं. मला वरून फोन येतो, तेव्हा बोलणारा सहज सांगून जातो, ‘अमक्याच्या पोरीने कळवलंय’. समोर शिपाई बसलेला असतो, तासाभरात चहाच्या टपरीवर चर्चा. १०९८ हा आता ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाशी जोडलाय. कधी कधी गणवेशातले पोलीस आधी फोन करणाऱ्याच्याच घराची चौकशी करत येतात, आणि मग लपवायला काही उरत नाही.

मी एक साधी गोष्ट करतो. मांडव कुठल्याही घरी असो, मी शाळेचा निर्गम उतारा आणि जन्मनोंद घेऊन ‘तपासणीला आलोय’ म्हणून जातो. हंगामाआधी सात-आठ घरी असाच जातो, जिथे तक्रार नाही तिथेही. मग कुणी कळवलं हा प्रश्नच निघत नाही. शिव्या मला बसतात. त्या बसाव्यात, पगार त्याचाच आहे. सरपंचांचा फोन येतो, ‘जरा सांभाळून घ्या’. त्यांनाही कायद्याचा कागद वाचून दाखवतो. बदलीची भीती असते, नाही असं नाही.

काळाकोट

सात-आठ घरी जायची युक्ती फार आवडली. कुठल्याही कलमात नाही.

चाफेकळी

वाचनमात्र होते, आज लिहिते. मी अशीच एक. आता सव्वीसची आहे, पुण्यात नर्स आहे.

माझं स्वतःचं लग्न होतं. दहावीत होते. वर्गशिक्षिकेला चिठ्ठी दिली आणि लग्न थांबलं. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो, नावासकट, तोंडावर हळद तशीच. कलमं तेव्हा कुणी बघितली नाहीत. वर्षभर आई माझ्याशी बोलली नाही. चुलत्यांनी आमच्याकडे येणं-जाणं सोडलं.

पण एक गोष्ट खडूफळाताईंना सांगावीशी वाटते. पुढच्या वर्षी वडिलांनी गुपचूप पुन्हा स्थळ बघितलं. मुलाकडचे आले, चहा झाला, आणि त्यांच्यातल्या एका आजीने विचारलं, ‘ही ती पेपरातली का?’ उठून गेले. त्यानंतर एकही स्थळ आलं नाही. बदनामी झाली म्हणून मी सुटले. हे चांगलं की वाईट, मला आजही ठरवता येत नाही.

मला कुणी विचारलं असतं तर फोटोला मी बहुतेक हो म्हटलं असतं. फक्त दुसरा दिला असता. पाचवीत वक्तृत्व स्पर्धेतला होता, छान होता.

आणि सत्कार तीन झाले, पण अकरावीला कॉलेजात कशी जाणार हे कुणीच विचारलं नाही. मुलींना एसटीचा पास मोफत, पण आमच्या गावात एसटीच येत नव्हती. फाटा तीन किलोमीटर, आणि वाटेत ज्याच्याशी लग्न मोडलं त्याच्या मित्रांचा अड्डा. ज्या बाईंना चिठ्ठी दिली होती त्या महिनाभर रोज सकाळी माझ्यासोबत फाट्यापर्यंत चालत आल्या. एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत की मी हे करतेय. मग टोळक्याचाच कंटाळा झाला. मला विचाराल तर मदत म्हणजे ती. त्या बाईंचा फोटो कुठेच छापून आला नाही.

रोखठोक_७२

@चाफेकळी, वाचून गप्प झालो. मतं बदलली नाहीत, पण छडीचं वाक्य मागे घेतो.

सातपुड्याचा

बघा, तीसुद्धा म्हणतेय फोटोला हो म्हटलं असतं. माझा मुद्दा हाच.

पवनचक्की

नाही, अर्धाच. ती ‘विचारलं असतं तर’ म्हणतेय. आणि पंधराव्या वर्षी दिलेला होकार सव्विसाव्या वर्षीही धरून ठेवायचा का? पेपर रद्दीत जातो, इंटरनेटवरचा फोटो जात नाही. होकार मागे घ्यायची सोय हवी, आणि तीही मुलाला एकट्याने झगडावं न लागता.

खडूफळा

चाफेकळी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. फाट्यापर्यंत चालण्याएवढं मला सुचलं नाही. मी टाळ्या वाजवून घरी आले.

काल मामाच्या गावी फोन लावला. मुलीशीच बोलले. अठरापर्यंत बंदी हवी असं इथे लिहिताना मी तिला विचारलंच नव्हतं, तेव्हा आता विचारलं. ती म्हणाली, फ्लेक्स काढा, आडनाव चुकीचं छापलंय आणि आजोबांना त्याचाच सगळ्यात जास्त राग आहे. सत्काराचं प्रमाणपत्र मात्र शाळेत ठेवून द्या, मी येऊन नेणार आहे. मैत्रीण कशी आहे हे दोनदा विचारलं. मैत्रीण वर्गात येते, पहिल्या बाकावर बसते, एवढं सांगितलं.

बंदीचा हट्ट सोडते. मुलीला, शांतपणे, पुढारी आणि कॅमेरा नसताना विचारल्याशिवाय काहीही छापू नये, इथपर्यंत येते. त्याच्या अलीकडे येणार नाही. सातपुड्याचा यांनी आग्रह धरू नये.

दाखला सोमवारी मी स्वतः घेऊन जातेय. मामाच्या गावच्या मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय, नववीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून. वडिलांच्या उचलीचं काय करायचं ते मात्र कळत नाही. दुसरा मुकादम बघतायत.

फ्लेक्स कसा काढायचा, कुणी सांगेल का? लावणाऱ्यांना फोन केला तर म्हणाले, ‘मॅडम, तुम्हाला अभिमान नाही का?’

ग्रामसेवक_नव्हे_अधिकारी

तालुक्याचा चौक नगरपंचायतीकडे, माझ्या हद्दीत नाही. पण फ्लेक्सला परवानगी ठरावीक दिवसांचीच असते, आणि बहुतेकांकडे तेवढीही नसते. परवानगीचा क्रमांक आणि मुदत विचारणारा अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या, पोच घ्या. अर्जात मुलीचं नाव लिहू नका, नुसतं ‘चौकातील उत्तरेकडचा फलक’ म्हणा. काळाकोट साहेबांनी कलम ७४ ची एक ओळ खाली जोडली तर काम लवकर होईल. मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

काळाकोट

ओळ दोन मिनिटांत देतो.

खडूफळा

करा. फलक पूर्वेकडचा आहे.