सेझांच्या बायकोचं तोंड ‘आंबट’ नाही

मृण्मयी_डी: फ्रेंच चित्रकार सेझांने काढलेल्या त्याच्या बायकोच्या, ऑर्तांसच्या चित्राखाली काल एकाने लिहिलं, ‘आंबट तोंडाची बाई, सेझांचं प्रेमच नव्हतं.’ तेव्हापासून डोकं तापलंय. प्रेम नसताना एकाच बाईची जवळजवळ तीस तैलचित्रं कोण काढतं? बॉस्टनमधल्या लाल खुर्चीतल्या चित्रासमोर, 1877 च्या सुमाराचं ते, मी अर्धा तास उभी होते. गालावर हिरवा-निळसर रंग, स्कर्टचे उभे पट्टे खाली ओघळलेले, बोटं एकमेकांत गुंतलेली. त्यात हसू घुसडलं असतं तर सगळंच विस्कटलं असतं. सेझांची चित्रं विकणाऱ्या व्होलारच्या सांगण्याप्रमाणे, त्याचं चित्र काढायला सेझांने त्याला 115 वेळा बसवलं. तो का हसत नाही, हे कुणी विचारत नाही!

रवी_कोथरूड: कालचं मीच लिहिलं. तीस चित्रं म्हणजे प्रेम? सफरचंदं किती काढलीत मोजा.

सुलभा_ठाणे: तुम्ही दोघं रंगांतच अडकलात. त्यांचा मुलगा 1872 चा, लग्न 1886 मध्ये. चौदा वर्षं! बँकवाल्या वडिलांनी पैसे तोडू नयेत म्हणून. माझंही लग्न नवऱ्याने घरी दोन वर्षं लपवलं होतं. गणपतीला गेले ती ‘ऑफिसातली मैत्रीण’ म्हणून. आरतीला उभी, मंगळसूत्र पर्समध्ये रुमालात गुंडाळलेलं. त्या दिवशीच्या फोटोत माझं अगदी ऑर्तांसचं तोंड आहे.

रवी_कोथरूड: ताई, मीही तेच म्हणतोय. नाखूश होती.

सुलभा_ठाणे: तुम्ही ‘आंबट’ म्हणालात. आंबट वेगळं, गप्प वेगळं.

अभिजित_एस: घरी सांगायची हिंमत प्रत्येकाला होत नाही. मीही बहिणीचं लग्न होईपर्यंत थांबलो. 1878 मध्ये सेझांच्या वडिलांनी त्याचं पत्र फोडलं, पैशाला कात्री लागली, तेव्हा लेखक मित्र झोलाला सांगून त्याने तिला मार्सेयला 60 फ्रँक पोचवलेच ना?

सुलभा_ठाणे: मित्राच्या खिशातून! आणि तुम्ही थांबलात, पण तिकडे थांबलेल्या मुलीला कधी विचारलंत, तिचे ते दिवस कसे गेले?

अभिजित_एस: माझ्या बायकोला यात ओढू नका. तुम्ही आम्हाला ओळखत नाही.

सुलभा_ठाणे: म्हणजे विचारलं नाहीत.

मृण्मयी_डी: भांडू नका. सुलभाताई, लपवण्याचं मान्य करावं लागतंय. लग्न एप्रिलमध्ये झालं, वडील ऑक्टोबरमध्ये वारले. म्हणजे ते हयात असतानाच जमलं, मग आधी का नाही, हे मलाही टोचतं. पण रवी, ‘आंबट’ मागे घ्या.

रवी_कोथरूड: घेतला मागे, तोही सुलभाताईंच्या फोटोमुळे. तुमच्या हिरव्या गालामुळे नाही. प्रेमाचं अजून पटलेलं नाही.