म्युनिकचे ६०,००० युरो की मुंबईचे २४ लाख: आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

*ए-७०३*
सर्वांना नमस्कार. आमच्या मुलाला म्युनिकमधील एका कंपनीकडून वार्षिक ६०,००० युरोंचा प्रस्ताव आला आहे आणि महिनाअखेरपर्यंत त्याला उत्तर द्यायचे आहे. सध्या पवईत त्याचा पगार वर्षाला २४ लाख रुपये आहे, सूनबाई शाळेत शिक्षिका आहेत आणि नात साडेतीन वर्षांची आहे. नातेवाइकांपैकी निम्मे म्हणतात की पगार अडीचपट होत असताना विचार कसला करायचा. उरलेले म्हणतात की तिकडे ४२ टक्के कर जातो, हाती काही राहत नाही. दोन्हीकडचा खरा हिशेब कसा मांडावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

*बी-२०२*
काका, अभिनंदन! एका युरोला शंभर रुपये धरले तरी ६० लाख होतात. तिथे निम्मा कर गेला तरी इथल्यापेक्षा जास्तच उरतील, असे मला वाटते.

*सी-५०१*
काका, मी सनदी लेखापाल म्हणून रोज हेच काम करते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट ४२ टक्क्यांची. जर्मनीत २०२५ साली हा दर ६८,४८० युरोंच्या वरच्या करपात्र उत्पन्नावर, आणि तोही फक्त वरच्या भागावर लागत होता, म्हणजे तुमच्या मुलाच्या एकाही युरोवर तो लागणार नाही. त्या वर्षी पहिल्या १२,०९६ युरोंवर तर करच नव्हता. तो एकटा गेला आणि अविवाहिताच्या पहिल्या करवर्गात बसला असे धरले, तरी ६०,००० युरोंवर प्राप्तिकर सुमारे ९,५०० युरो, म्हणजे १६ टक्के येतो. इथे नव्या करप्रणालीत २४ लाखांच्या पगारातून ७५,००० ची प्रमाणित वजावट घेतल्यावर उपकरासह २,९२,५०० रुपये कर होतो. ते १२ टक्क्यांच्या थोडे वर आहे. कराची कराशी तुलना केली तर फरक एवढाच आहे.

मग तिकडे पगार इतका कमी हाती का येतो? कारण करापेक्षा मोठी कपात सामाजिक विम्याची आहे. निवृत्तिवेतनाचे ९.३ टक्के, बेकारी विम्याचे १.३ टक्के, आरोग्य विम्याचे (२०२५ मध्ये) सरासरी साडेआठ टक्के आणि वृद्धापकाळातील शुश्रूषेच्या विम्याचे सुमारे दोन टक्के, असे मिळून २१ टक्क्यांच्या आसपास जातात, आणि साधारण तितकीच रक्कम मालकही भरतो. लोक या सगळ्याला ‘टॅक्स’ म्हणतात आणि तिथेच तुलना फसते, असे माझे स्पष्ट मत आहे. हे पैसे जातात हे खरे, पण त्यांच्या बदल्यात जे मिळते ते आपण मुंबईत खिशातून विकत घेतो: मेडिक्लेमचा हप्ता, निवृत्तीसाठीची एसआयपी, नोकरी गेली तर लागणारी गंगाजळी. तिकडच्या सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारी पत्नी आणि मुले वेगळा हप्ता न भरता सामावली जातात.

सूनबाई आणि नात सोबत गेल्या आणि त्याने तिसरा, म्हणजे विवाहितांतील मुख्य कमावत्याचा करवर्ग घेतला, तर कर ५,००० युरोंच्या जवळ येतो आणि दरमहा सुमारे ३,५०० युरो हाती पडतात. शिवाय मुलामागे बालभत्ता मिळतो, तो २०२५ मध्ये दरमहा २५५ युरो होता, जानेवारी २०२६ पासून २५९ युरो झाला. इथे त्याच्या हाती भविष्य निर्वाह निधी कापण्यापूर्वी सुमारे पावणेदोन लाख येतात. म्हणून पगार अडीचपट झाला तरी हातातली रक्कम दुपटीच्या थोडी वरच राहते, आणि तीही सूनबाईंचा पगार न धरता.

*बी-११०४*
आम्ही म्युनिकमध्ये राहून आलो आहोत, म्हणून खर्चाबद्दल लिहितो. जर्मनीतली सर्वांत महाग भाडी याच शहरात आहेत. दोन खोल्यांच्या साध्या घराला तापवण्याच्या खर्चासह १,५०० युरो मोजावे लागणे नेहमीचे आहे, आणि अनेक घरे स्वयंपाकघराचा ओटा, कपाटे, शेगडी यांच्याविना रिकामी मिळतात. तो खर्च सुरुवातीलाच येतो. अनामत रकमेवर मात्र कायद्याने मूळ भाड्याच्या तीन महिन्यांची मर्यादा आहे. किराण्याने माझी कधी ओढाताण झाली नाही, कारण दूध, भाज्या, डाळी यांवर ७ टक्के व्हॅट असतो आणि इतर बहुतेक वस्तूंवर १९ टक्के. जे काम माणसाच्या हाताने होते ते महाग पडते: नळदुरुस्ती, केस कापणे, बाहेरचे जेवण. पोळ्यांना आणि भांड्यांना बाई ठेवण्याचा विचारही मनात येत नाही. देशभरच्या स्थानिक गाड्या, बस आणि मेट्रोला चालणारा मासिक पास २०२५ मध्ये ५८ युरोंना होता, जानेवारी २०२६ पासून तो ६३ युरोंना झाला. मुलुंडहून निघणाऱ्या दुसऱ्या वर्गाच्या पासशी त्याची बरोबरी होणार नाही, पण गाडी घेण्याची गरज त्यामुळे उरत नाही.

काका, आपल्या घरासाठी सर्वांत मोठा आकडा सूनबाईंच्या पगाराचा आहे, आणि तो कुणीच मांडलेला नाही. चांगले जर्मन येईपर्यंत तिथल्या शाळेत शिकवता येणे फार अवघड आहे, म्हणजे पहिली काही वर्षे इथले दोन पगार विरुद्ध तिथला एक, असाच हिशेब धरावा. याउलट नात शाळेत जाऊ लागली की तिथल्या सरकारी शाळेला शुल्क नाही, आणि इथे पहिलीपासून आपण काय भरतो हे सर्वांना ठाऊक आहे. माझ्या मते मूल लहान असताना जाणारे कुटुंब पाच-सात वर्षे टिकून राहिले तरच हा व्यवहार फायद्याचा ठरतो. दोन वर्षांत परत यायचे असेल तर मी जाऊ नये असेच सांगेन.

*ए-७०३*
सूनबाईंच्या पगाराचा मुद्दा आम्ही खरोखर धरला नव्हता. आजच त्या दोघांशी बोलतो. आणखी दोन शंका आहेत. आम्हा दोघांचा विमा मुलाच्या कंपनीच्या पॉलिसीत आहे, आणि त्याच्या नावावरचा डी-४०६ हा फ्लॅट भाड्याने द्यायचा विचार आहे. त्याचे काय होईल?

*सी-५०१*
काका, तिकडचा विमा तुम्हाला लागू होणार नाही आणि इथली पॉलिसी नोकरीबरोबर संपेल. म्हणून त्याने राजीनामा देण्यापूर्वीच त्याच विमा कंपनीकडे ती वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याचा अर्ज करावा, म्हणजे जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा सुरू होणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. वय ७० झाले असेल तर आयुष्मान भारतचे ५ लाखांचे कवच उत्पन्न कितीही असले तरी मिळते. त्याचे कार्ड काढून ठेवा. हा वाढलेला हप्ता म्युनिकच्या खर्चातच लिहा, कारण तो जाण्यामुळेच येणार आहे.

फ्लॅटचे भाडे इथेच करपात्र राहील. मुलगा अनिवासी झाला की भाडेकरूने दरमहा ३१.२ टक्के टीडीएस, म्हणजे भाडे देतानाच कर, कापायचा असतो, रक्कम लहान असली तरीही. जास्तीचा कर विवरणपत्र भरून परत मिळतो किंवा कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र आधीच घेता येते. भाडेकराराच्या आधीच भाडेकरूला हे सांगावे. आणि सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. तुम्ही स्वतः तिथे राहिलात तर तेही लागत नाही.

तिकडे निवृत्तिवेतनासाठी कापलेले पैसे परत आल्यावर बुडतील ही भीती नसावी. तिकडे हक्क मिळायला किमान ५ वर्षांची वर्गणी लागते, पण १ मे २०१७ पासून लागू असलेल्या दोन देशांच्या करारामुळे इथली भविष्य निर्वाह निधीची वर्षे त्यात मोजता येतात. त्याचा जुना पीएफ त्याने काढून घेऊ नये.