खापरपणजोबांची कबर शोधतेय, नवगावला जायचंय

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, राहतो ठाण्यात. आजी म्हणायची आपली जुनी माणसं अलिबागकडची, पण नाव-साल कुठे लिहिलेलं नाही आणि आता आजीही नाही, विचारणार कुणाला? रविवारी गाडी काढून अलिबागजवळच्या नवगावला, आपल्या जुन्या दफनभूमीत जातोय. आधी काय बघून ठेवू?

उत्तर: आधी आडनाव बघा. आपली बरीच आडनावं गावावरूनच पडलीत, पेणकर म्हणजे पेण, रोहेकर म्हणजे रोहा. तिथूनच सुरुवात करा. ठाण्यात टेंभी नाक्याजवळचं आपलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १८७९ चं आहे, जुनी रजिस्टरं आहेत का तिथेही विचारा.

उत्तर: दगडावर हिब्रू साल असेल तर ३७६० वजा करा, ५६६० म्हणजे १९००, एखाद्या वर्षाचा फरक पडतो. आम्ही गेलो तेव्हा शेवाळाने एक अक्षर दिसेना, भावाने पाणी मारलं आणि अंधार पडल्यावर मोबाईलचा टॉर्च दगडाला चिकटवून आडवा धरला तर आईच्या आजोबांचं नाव मराठीत उमटलं, मी तिथेच रडले. घासू मात्र नका हं, अक्षरं झिजतात.

उत्तर: तहसीलला गाव नमुना १४ मागा, जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी. बऱ्याचदा मोडी लिपीत असतात, वाचणारा सोबत न्या.

प्रश्नकर्ती: आमचं आडनाव किहीमवरून, म्हणजे नवगावच्या जवळच की! आधी किहीमलाच जाते.