१९५१ ची एमजी टीडी घरच्या शेडमध्ये पुन्हा रस्त्यायोग्य करायची आहे. सुरुवात कोठून करावी?

गोदाकाठ

नमस्कार. आमच्या काकांची १९५१ सालची एमजी टीडी ही दोन आसनी उघडी गाडी वारसाहक्काने माझ्याकडे आली आहे. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये ती १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून उभी आहे. गाडी बहुतांशी पूर्ण आहे. मूळ इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही एसयू कार्बोरेटर, छिद्रांची पोलादी चाके आणि डॅशबोर्डवरील मीटर सर्व जागेवर आहेत. मात्र ब्रेकचे पेडल थेट खाली जाते, टाकीतील पेट्रोलचा चिकट गाळ झाला आहे आणि चालकाच्या बाजूचा दरवाजा इतका खाली उतरला आहे की तो उचलून धरल्याशिवाय बंद होत नाही. इंजिन फिरवून पाहण्याचे धाडस मी अजून केलेले नाही.

मी द्राक्ष निर्यातीच्या पॅकहाउसचे काम पाहतो. हंगाम संपल्यावर मला संध्याकाळी बऱ्यापैकी मोकळीक असते, त्यामुळे जेवढे काम घरी करता येईल तेवढे स्वतः करावे, अशी इच्छा आहे. शहरातील एका गॅरेजने गाडी पाहून असा सल्ला दिला की ती पूर्ण सुटी करावी, मूळ इंजिनाऐवजी एखाद्या मारुती गाडीचे इंजिन बसवावे आणि शेवटी नवा रंग द्यावा. त्यांच्या मते मूळ इंजिनाचे भाग आता मिळत नाहीत. हे खरे आहे का? काम कोणत्या क्रमाने करावे, आणि नोंदणीचे काय करावे? आरसी बुक मुंबईचे, 'बीएम'ने सुरू होणाऱ्या जुन्या क्रमांकाचे असून ते काकांच्याच नावावर आहे.

सातपूरचा टर्नर

इंजिन बदलण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. टीडीच्या एकूण २९,६६४ गाड्या १९४९ ते १९५३ या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडल्या आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत गेल्या. तेथे व इंग्लंडमध्ये त्या अजूनही मोठ्या संख्येने चालवल्या जात असल्यामुळे एक्सपीएजी इंजिनाची (म्हणजे टीडीच्या मूळ इंजिनाची) पिस्टन, बेअरिंग, झडपा, गॅस्केट ही सर्व सामग्री आजही नव्याने तयार होते. आयात शुल्क आणि वाहतूक धरून ती महाग पडते हे खरे. परंतु 'मिळत नाही' असे म्हणणे बरोबर नाही. १२५० सीसीचे हे इंजिन ५४ अश्वशक्तीचे आणि रचनेने अत्यंत सरळ आहे. ते काढून दुसरे बसवण्यासाठी माउंटिंग, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, रेडिएटर अशा प्रत्येक ठिकाणी कापाकापी करावी लागेल आणि त्यानंतर जी वस्तू उरेल तिला एमजी म्हणणे कठीण होईल.

इंजिन फिरवून पाहिले नाही, हे आपण उत्तम केले. बॅटरी लावून स्टार्टर दाबणे हा या टप्प्यावरचा सर्वांत महागडा प्रयोग ठरू शकतो. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल सोडावे आणि काही दिवस तसेच राहू द्यावे. त्यानंतर रॉकर कव्हर (झडपांवरचे झाकण) काढून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, पुढच्या हँडलने इंजिन अगदी हळू फिरवावे आणि आठही झडपा वर-खाली होतात का ते डोळ्यांनी पाहावे. झडप तिच्या गाइडमध्ये (ज्या नळीतून ती सरकते तीत) चिकटलेली असताना जोर लावला तर पुशरॉड (झडप ढकलणारी दांडी) वाकतो. संप (इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे) खाली उतरवून त्यातील गाळ काढल्याशिवाय नवे ऑइल भरू नये.

ऑइल पंपाकडे विशेष लक्ष द्यावे. या इंजिनात तो ब्लॉकच्या बाहेरील बाजूस, संपमधील ऑइलच्या पातळीपेक्षा वर बसवलेला आहे. त्यामुळे गाडी दीर्घकाळ उभी राहिली की पंपातील ऑइल खाली उतरून जाते आणि पंप हवाच ओढत राहतो. अशा अवस्थेत इंजिन सुरू केले तर बेअरिंगे कोरडी फिरतात. म्हणून पंपात बाहेरून ऑइल भरावे, प्लग काढलेलेच ठेवून इंजिन फिरवावे आणि दाबाच्या मीटरचा काटा हलल्यावरच प्लग बसवावेत. इंजिन नीट चालू लागल्यावर, ते तापलेले असताना आणि गाडी वेगात असताना दर चौरस इंचाला ४० ते ६० पौंडांचा दाब समाधानकारक समजावा. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला आजच्यासारखे रबरी सील नसून ऑइल मागे ओढणारे आटे आहेत, त्यामुळे गाडीखाली ऑइलचे थोडे थेंब पडणारच. त्यासाठी इंजिन उतरवण्याची घाई करू नये.

आट्यांचा विषय येथेच सांगून ठेवतो, कारण त्यात चांगले कारागीरही फसतात. मॉरिस कंपनीने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्री येथील इंजिन कारखाना घेतला. तेथील यंत्रसामग्री मेट्रिक होती. म्हणून या इंजिनातील बोल्टांचे आटे मेट्रिक आहेत, परंतु त्यांची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची पद्धतीच्या पान्यांच्या मापाची आहेत. शिवाय हे आटे बारीक आहेत: आपल्याकडे दुकानात सहज मिळणारा ८ मिमीचा बोल्ट १.२५ मिमी आट्याचा (म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांत तेवढे अंतर) असतो, तर या इंजिनात तो १ मिमी आट्याचा आहे. दुकानातला बोल्ट दोन फेरे बसतो, मग अडकतो, आणि कोणी पाना मारून तो आत घातला की ब्लॉकमधील आटे गेलेच समजा. काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागेचे नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवावा. एखादा बोल्ट हरवलाच तर सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील लहान लेथवाल्याकडून नमुन्यावरून करून घ्यावा. हे लोक सूक्ष्म मापाचे काम रोज करतात आणि असे एकेरी कामही बहुधा आनंदाने घेतात.

टॅपेटचा गॅप (झडप आणि तिला दाबणारा रॉकर यांतील फट) ठरवताना कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) कोणता आहे ते पाहावे. सुरुवातीच्या कॅमशाफ्टला इंजिन गरम असताना ०.०१९ इंच, तर नंतरच्या कॅमशाफ्टला ०.०१२ इंच गॅप लागतो. रॉकर कव्हरवरील पाटीवर आकडा असतो, परंतु सत्तर वर्षांत कव्हर बदललेले असू शकते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र काहीही जुने जपू नये. ही लॉकहीडची हायड्रॉलिक यंत्रणा एकाच सर्किटची आहे, म्हणजे चारांपैकी एका चाकाचा सिलिंडर गळला तरी पेडल पूर्ण खाली जाते आणि हातात फक्त मागच्या चाकांचा हँडब्रेक उरतो. मास्टर सिलिंडर आणि चाकांवरील सर्व सिलिंडर काढून आतील पृष्ठभाग तपासावा. खड्डे पडले असतील तर स्टेनलेस स्टीलचा स्लीव्ह घालून मूळ माप राखता येते. रबरी होज आणि किट नवीनच असावेत, आणि गंजलेल्या नळ्यांच्या जागी तांबे-निकेल मिश्रधातूच्या नळ्या घालाव्यात, साध्या तांब्याच्या नकोत. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून ड्रममधील धूळ हवेच्या दाबाने उडवू नये. ती ओल्या फडक्याने पुसून फडके बंद पिशवीत टाकावे. गाडीखाली जाण्यापूर्वी ती भक्कम लोखंडी घोड्यांवर ठेवावी. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

विजेची यंत्रणा १२ व्होल्टची आणि पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. इलेक्ट्रिशियन सवयीने बॅटरी उलटी जोडेल, त्यामुळे खुणेची चिठ्ठी आजच बांधून ठेवावी. कापडी वेष्टणाच्या वायरी ठिसूळ झाल्या असतील तर संपूर्ण लूम (वायरींचा जुडगा) नवीन घालावा आणि बॅटरीला कटऑफ स्विच द्यावा.

पेट्रोलबद्दल थोडे सविस्तर लिहितो. पंपांवर आता सर्वत्र वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. या गाडीचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील मिश्रण किती पट दाबले जाते ते) ७.२५ ला १ एवढेच असल्यामुळे ऑक्टेनची अडचण नाही; अडचण आहे ती रबर, कॉर्क आणि पाण्याची. एसयू कार्बोरेटरच्या जेटभोवती (पेट्रोल सोडणाऱ्या नळीभोवती) कॉर्कचे ग्लँड (गळती रोखणारी कडी) असतात, ते आधीच सुकून आक्रसलेले असणार. जुने रबरी पाइप इथेनॉलने फुगतात आणि आतून सुटतात. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा ओढते. आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी उभी ठेवली तर पाणी तळाशी साचून टाकी आतून गंजते. तेव्हा इथेनॉल सहन करणारे पाइप आणि नवे ग्लँड बसवावेत, मिश्रण पातळ वाटल्यास जेट किंचित खाली घ्यावा, आणि जूनपूर्वी टाकी व कार्बोरेटरच्या वाट्या रिकाम्या कराव्यात.

रंधा

वरील प्रतिसादातील यांत्रिक भागाशी मी सहमत आहे, परंतु ज्या गाडीचा दरवाजा खाली उतरला आहे तिच्याबाबत पहिला प्रश्न इंजिनाचा नसून लाकडाचा आहे. टीडीची बॉडी म्हणजे ॲश लाकडाच्या सांगाड्यावर खिळ्यांनी ठोकलेला पत्रा. तिचे दरवाजे मागच्या बाजूच्या खांबावर बिजागऱ्यांनी टांगलेले असतात, म्हणजेच ते पुढून मागे उघडतात. दरवाजा उतरला याचा अर्थ बहुधा तो खांब किंवा त्याखालची तुळई कुजली आहे अथवा वाळवीने पोखरली आहे. अशा दरवाजाचा खटका धावत्या गाडीत सुटला तर वाऱ्याने दरवाजा सताड उघडतो, म्हणून हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही.

टोच्याने प्रत्येक जोड दाबून पाहावा. लाकूड मऊ लागले तरी ते लगेच उपसून काढू नये, कारण कुजलेला तुकडा हाच नव्या तुकड्याचा एकमेव नमुना असतो. बॉडी चॅसिसवर असतानाच दोन्ही दरवाजांच्या चौकटींची तिरपी मापे घ्यावीत, ती लिहून ठेवावीत आणि चौकटींत लोखंडी पट्ट्यांचे तिरपे आधार बोल्टने कसावेत. आधार न देता बॉडी उचलली तर ती ओल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी वेडीवाकडी होते आणि नंतर दरवाजा कोणत्या मापाला बसवायचा हे सांगणारे काहीच उरत नाही. माझ्या मते बॉडी चॅसिसवरून उचलूच नये. एका बाजूचे काम पूर्ण करून मग दुसरी बाजू उघडावी.

आयात केलेले ॲश लाकूड मोठ्या व्यापाऱ्यांकडे मिळते, परंतु लहान तुकड्यांसाठी जुने, पूर्ण सुकलेले सागवान मला अधिक भरवशाचे वाटते. ते वजनाला फार जड पडत नाही आणि वाळवीला सहसा दाद देत नाही. मात्र सागवानात नैसर्गिक तेल असते. जोडण्याच्या थोडे आधी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसला नाही तर इपॉक्सी धरत नाही. सुताराला आधीच स्पष्ट सांगावे की फर्निचरप्रमाणे खिळे आणि फेव्हिकॉल चालणार नाही.

रंगाचा विषय शेवटी. हल्लीचे दोन घटकांचे पॉलियुरेथेन रंग आयसोसायनेटयुक्त असतात आणि साधा मास्क त्यांच्यापासून संरक्षण देत नाही, म्हणून फवारणी घरच्या शेडमध्ये करू नये. पत्रा घासून प्रायमरपर्यंतची तयारी मात्र आपण करू शकता. जुना रंग टिकून असेल तर तसाच राहू द्यावा, असे मी सुचवीन.

जुनी पाटी

नोंदणीपुरते लिहितो. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. वाहन पन्नास वर्षांहून जुने असावे, मूळ स्वरूपात असावे आणि त्याच्या चॅसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी व्याख्या आहे. म्हणजे मारुतीचे इंजिन बसवल्यास हा मार्गच बंद होऊ शकतो. नव्या नोंदणीला 'व्हीए' मालिकेतील क्रमांक मिळतो, शुल्क २०,००० रुपये असते आणि नोंदणी दहा वर्षांसाठी असते. पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आहे. ज्या गाडीला आधीचा क्रमांक आहे तिला तो कायम ठेवता येतो, त्यामुळे आपले आरसी बुक जपून ठेवावे. विंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज कॉलेज रोडला चक्कर मारण्यासाठी नाही.

तत्पूर्वी गाडी वारसाच्या नावावर करावी लागेल. त्यासाठी नमुना ३१ चा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती तयार ठेवावी. आरटीओत जाण्याआधी चॅसिसवर ठोकलेला क्रमांक आणि इंजिनावरील अष्टकोनी पाटीचा क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावा. चॅसिस घासण्यापूर्वी त्या क्रमांकाचा पेन्सिलने कागदी ठसा आणि छायाचित्र घ्यावे. सँडब्लास्टिंगमध्ये उथळ अक्षरे पुसट होतात.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही क्रमांक आरसी बुकाशी जुळले. हँडलने इंजिन फिरले, परंतु चौथ्या सिलिंडरची एक्झॉस्ट झडप खाली गेल्यावर वर येत नाही, म्हणून मी तेथेच थांबलो आहे. टोच्या चालकाच्या बाजूच्या खांबात सहज आत गेला. दुसरी बाजू मात्र टणक आहे. आता झडपेसाठी हेड (सिलिंडरांवरचा, झडपा असलेला भाग) काढावेच लागेल का?

सातपूरचा टर्नर

लगेच नाही. पिस्टन वर येऊन झडपेला लागू नये म्हणून इंजिन आणखी फिरवू नये. रॉकर शाफ्ट (झडपा दाबणाऱ्या रॉकरांचा दांडा) उतरवावा, झडपेच्या दांड्याभोवती झिरपणारे ऑइल सोडावे आणि एक दिवसाने दांडा पकडीत कापड घालून धरून डावी-उजवीकडे फिरवत वर ओढावा. ती मोकळी झाली आणि स्प्रिंगच्या जोराने टक्कन बंद होऊ लागली तर हेड तूर्त राहू द्यावे आणि कॉम्प्रेशन मोजावे. झडप पुन्हा अडकली, किंवा त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन इतरांपेक्षा बरेच कमी आले, तर हेड काढावे. पण गॅस्केटचा संच हातात आल्यानंतरच. हेड निघाले की झडपांच्या बैठकांमध्ये भेगा आहेत का हे मशीन शॉपमधून तपासून घ्यावे. गॅस्केट येईपर्यंतच्या काळात सुतार बोलावून त्या खांबाचे काम सुरू करायला हरकत नाही.