कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला बस्ता बांधायला गेलो आणि तिथं पोलंडचे निर्वासित निघाले, खरं काय?

अनगोळकर_७४
परवा पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला गेलतो, घरातल्या सात बायका आणि ड्रायव्हर म्हणून मी. निपाणी, कागल करत गेलो आणि उचगावला हायवे सोडला (आपलं बेळगावचं उचगाव न्हवं, कोल्हापूरचं). बायकांचं साड्यांचं चाललंय तोवर मी गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या सिंधी शेठजींबरोबर चहा घेत बसलो. ते म्हणाले, आम्ही फाळणीनंतर आलो तेव्हा इथं रिकाम्या बराकी होत्या, त्यात आमच्याआधी पोलंडची माणसं राहून गेलेली. त्यांच्या वडलांना जी खोली मिळाली तिच्या चौकटीवर चाकूनं कोरलेला क्रॉस होता म्हणे, आईनं त्यावर शेंदूर लावून टाकला!
मला वाटलं शेठजी फेकालेत. घरी येऊन फॅमिली ग्रुपवर विचारलं तर चुलत भावानं लगेच फॉरवर्ड पाठवला, समुद्रात भटकणारं जहाज कोल्हापूरच्या महाराजांनी उतरवून घेतलं वगैरे. आता कोल्हापूरला कुठला समुद्र ओ? कुणाला माहीत असेल तर नीट सांगा. पोलंड कुठं, वळिवडे (गांधीनगर वसलंय ते गाव) कुठं, आणि ह्या सगळ्याचा खर्च कोण करत होतं?

रुकडी_पॅसेंजर
शेठजी फेकत नाहीत, खरं तुमच्या भावाचा फॉरवर्ड तेवढा डिलीट करा. जहाजाची गोष्ट नवानगरच्या जामसाहेबांच्या नावावर फिरते, जामनगरजवळ बालाचडीला १९४२ पासून पोलिश पोरांचा कॅम्प होता, आणि तिथली पहिली पोरं सुद्धा जहाजानं न्हवं, इराणमार्गे ट्रकनं आली. कोल्हापूरचं म्हणाल तर राजाराम महाराज १९४० लाच वारले होते, गादीवर लहान मूल, कारभार रीजन्सीकडं, म्हणजे राजा मोठा होईपर्यंत नेमलेल्या कारभाऱ्यांकडं. वळिवड्याचा कॅम्प १९४३ ला सुरू झाला, तो पोलंडच्या लंडनमध्ये बसलेल्या परागंदा सरकारनं आणि ब्रिटिशांनी ठरवून. जमीन संस्थानातली, पैसा त्या लंडनवाल्या सरकारचा.

माणसं कशी आली म्हणाल तर १९३९ ला हिटलर आणि स्टालिननं पोलंड वाटून घेतला आणि स्टालिनच्या वाट्याला गेलेल्या भागातनं १९४०-४१ मध्ये लाखो लोकांना गुरांच्या डब्यात कोंबून सैबेरिया, कझाकस्तानला नेऊन टाकलं. मग जून १९४१ ला हिटलरच रशियावर उलटला, आणि स्टालिनला एकदम पोलंडची आठवण झाली. करार झाला, माणसं सोडली, पोलंडच्या जनरल अँडर्सची फौज उभी राहिली आणि १९४२ ला कॅस्पियन ओलांडून एक लाखाच्या वर माणसं इराणला उतरली. पुरुष फौजेत गेले. राहिल्या बायका, पोरं, म्हातारी, ती कुठं ठेवायची हा प्रश्न. कोण आफ्रिकेत टांगानिकाला, कोण मेक्सिकोला, न्यूझीलंडला सातशेच्या वर पोरं, आणि साधारण पाच हजार आपल्या वळिवड्याला. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचं थिएटर, सगळं होतं तिथं. क्षयाचे पेशंट पाचगणीला पाठवत. एक पोरगी तर कोल्हापूरच्याच माणसाशी लग्न करून कायमची राहिली.

खरा घोळ जुलै १९४५ ला झाला. ब्रिटन आणि अमेरिकेनं लंडनवाल्या सरकारची मान्यता काढली आणि वॉर्साच्या कम्युनिस्ट सरकारला दिली. वळिवड्यात बसलेल्या बाईच्या खिशातल्या कागदावर ज्या सरकारचा शिक्का, ते सरकारच एका दिवसात उडालं. मग खर्च उन्रा नावाच्या संस्थेकडं गेला. ही १९४३ ची, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन व्हायच्या आधीची, कारण दोस्त राष्ट्रं तेव्हा स्वतःलाच ‘युनायटेड नेशन्स’ म्हणवून घेत होती. उन्राचं काम एकच, माणसांना घरी पोचवा. आणि ह्यातल्या बऱ्याच जणांचं घर होतं पूर्व पोलंडातल्या लव्होव्ह वगैरे भागात, ते सगळं सोव्हिएतला देऊन टाकलेलं. ज्यांनी गुरांच्या डब्यात घातलं त्यांच्याकडंच परत जावा म्हणे! हजारो माणसं अडून बसली, जर्मनीतल्या कॅम्पांमध्ये तर लाखो. शेवटी १९४६ च्या डिसेंबरात आयआरओ (आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना) नावाची नवी संस्था मंजूर झाली, तिला तिसऱ्या देशात वसवायची मुभा होती. रशिया त्यात आलाच नाही. वळिवड्याचा कॅम्प १९४८ ला उठला, बरेच जण ब्रिटनला गेले.

अनगोळकर_७४
बाप रे. म्हणजे त्याच खोलीत आधी पोलिश निर्वासित आणि मग सिंधी निर्वासित. मग ह्या आयआरओनं सिंध्यांना पण काही दिलं असेल की?

खानापूरची_वकीलीण
एक पैसा नाही. आणि मला इथंच राग येतो.

१९५१ चं निर्वासितांबद्दलचं जिनिव्हाचं कन्व्हेन्शन, म्हणजे आंतरराष्ट्रीय करार, बघा. निर्वासित कोण, तर छळाची सार्थ भीती असल्यामुळं आपल्या देशाबाहेर असलेला आणि त्या देशाचं संरक्षण घेऊ न शकणारा माणूस. ही व्याख्या ‘मी परत जाणार नाही’ म्हणणाऱ्या युरोपातल्या माणसांकडं बघून बेतलेली. त्यातही अट, १ जानेवारी १९५१ च्या आधीच्याच घटना, आणि सही करणाऱ्या देशाला वाटलं तर फक्त युरोपातल्या. ही अट काढायला १९६७ चा प्रोटोकॉल यावा लागला. सिंधी माणूस सीमा ओलांडून आला तो भारताचा नागरिकच झाला, म्हणजे सरकार त्याच्या पाठीशी आहे, म्हणजे जगाच्या दृष्टीनं तो निर्वासित न्हवं. दीड कोटीच्या आसपास माणसं फाळणीत इकडची तिकडं झाली आणि त्यांचं ओझं दोन नवीन, कंगाल देशांनी उचललं. आपल्याकडं त्यासाठी पुनर्वसन खातं, पाकिस्तानात गेलेल्यांची मागं राहिलेली मालमत्ता, १९५४ चा भरपाईचा कायदा. आपण आजपर्यंत त्या कन्व्हेन्शनवर सही केलेली नाही, आणि लोक नावं ठेवतात तेव्हा हा इतिहास कुणी सांगत नाही. सही नाही म्हणून निर्वासितांना कायदाच नाही, सगळं सरकारच्या मर्जीवर, ही दुसरी बाजू पण आहेच म्हणा. मुंडगोडच्या तिबेट्यांना १९६६ ला जमीन मिळाली ती मर्जी चांगली होती म्हणून. दरवेळी तशी असतेच असं नाही.

घटप्रभा_काठ
वकीलीणबाई, मग आमचं काय ते पण सांगा. हुक्केरी तालुक्यात आजोबांचं शेत हिडकल धरणात गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की विठ्ठलाचं देऊळ वर येतं आणि आजी काठावरनं हात जोडायची. आम्ही कोण?

खानापूरची_वकीलीण
तुम्ही ‘अंतर्गत विस्थापित’. सीमा ओलांडली नाही ना. त्यावर संयुक्त राष्ट्रांनी १९९८ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली, मोठ्या विकास प्रकल्पांचा उल्लेख पण आहे त्यात. खरं तत्त्वंच ती, कुठलं सरकार बांधील नाही.

शहापूरची_वैनी
मला एवढं कायद्याचं कळत नाही, पण सासूबाईंच्या ट्रंकेत माझ्या आजेसासऱ्यांची पत्रं आहेत. १९७२ च्या एका पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशाचं फॅमिली प्लॅनिंगचं छोटं तिकीट आहे, त्यावर काळ्या शाईत ‘रेफ्युजी रिलीफ’ छापलंय. आम्ही कित्येक वर्षं समजत होतो पोस्टाची चूक आहे!

रुकडी_पॅसेंजर
चूक न्हवं वैनी, जपून ठेवा. १९७१ ला पूर्व पाकिस्तानातनं सुमारे एक कोटी माणसं आली. यूएनएचसीआर म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचे प्रमुख सदरुद्दीन आगाखान जगभरातनं मदत गोळा करत होते, खरं येणारी मदत खर्चाच्या मानानं लई कमी. म्हणून सरकारनं नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैसे जादा लावले, आणि नवीन तिकीट छापून येईपर्यंत हाताशी होतं त्यावरच शिक्का मारला. हा कर मार्च १९७३ पर्यंत चालू होता, तोवर बांगलादेश होऊन माणसं परत पण गेलेली. म्हणजे तुमच्या आजेसासऱ्यांनी शहापुरात बसून पाच पैसे दिलेत.

अनगोळकर_७४
सगळ्यांचे आभार ओ. भावाला ग्रुपवर हे सगळं चिकटवलं, त्यानं नुसता अंगठा दिला. दोन साड्यांचे काठ बदलून आणायचे आहेत म्हणून रविवारी परत गांधीनगरला जायचंच आहे. शेठजींना विचारतो ती चौकट अजून आहे का, असली तर फोटो टाकतो. वैनी, तुम्ही पण त्या पाकिटाचा टाका.